जोखीम बांधावर, निर्णय भलतीकडे

2025च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरा नद्यांनी पात्र सोडले, तेव्हा धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर या पट्ट्यातले सोयाबीन काढणीला आले होते. परंडा-भूम भागात उभे पीक तर गेलेच, पण कितीतरी ठिकाणी खालची मातीही खरडून गेली. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला हेक्टरी 18,500 रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. जमीन खरडली असेल तर हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि वर रोजगार हमीतून मातीकाम. मदत मोठी होती, तिची गरजही होती. पण ती ज्या कारभारातून आली, त्या कारभाराकडे नीट पाहायला हवे.

त्या हंगामात एका शेताच्या वाट्याला किती कार्यालये आली? पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकाने मिळून करायचा, म्हणजे तीन खाती बांधावरच जमली. विम्यासाठी पीक कापणी प्रयोग वेगळे. हाती लागलेल्या सोयाबीनचा हमीभाव कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून दिल्लीत ठरलेला, खरेदी नाफेडची, नोंदणी पणन यंत्रणेकडे. बाजारात काय भाव फुटणार हे बरेचसे खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर, आणि कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ शुल्क त्याच वर्षी 30 मे रोजी 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणलेले. घरात खायचा गहू-तांदूळ अन्न व नागरी पुरवठ्याकडून, लेकराचा खाऊ महिला व बालविकासाकडून, विहिरीखालच्या पाण्याचे नियम आणखी तिसऱ्याकडे. प्रत्येकाकडे आपापला आकडा आहे. पण या कुटुंबाने पुढच्या जूनपर्यंत काय खायचे, याचा जाब ज्याला विचारता येईल असे खाते त्यांत एकही नाही. अन्नव्यवस्थेचा कारभार आणि हवामानाच्या तडाख्यात सापडलेली उपजीविका या विषयावर सध्या बरेच संशोधन होते आहे, पीएच.डी.चे प्रबंधही होत आहेत. त्या संशोधनाची खरी सुरुवात इथून व्हायला हवी, असे मला वाटते.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून 1917 साली पुस्तक काढले. त्यानंतर कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी 1921 साली आली. जमिनीचे तुकडे, कर्ज, घरातला खर्च, बाहेरची मजुरी हे सगळे एकाच वहीत मांडून मॅन विचारत होते की बऱ्या वर्षीही या घराचे भागते का, आणि पुष्कळ घरांचे भागत नाही असे उत्तर येत होते. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास 1948 साली प्रसिद्ध केला. त्यात पाण्याने पीक किती वाढले यावर न थांबता मजुरी, व्यापार आणि आसपासच्या व्यवहाराचाही हिशेब त्यांनी केला. ही माणसे ‘अन्नव्यवस्था’ हा शब्द वापरत नव्हती, पण कारभाराचे सगळे धागे एका घरापर्यंत आणून पाहण्याची रीत त्यांनी घालून दिली होती.

त्याच रीतीचे सर्वात चिवट काम इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या संस्थेने 1975पासून केले. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कलमण, अकोल्यातली कानझरा आणि किनखेडा ही गावे घेऊन तीच तीच घरे वर्षानुवर्षे नोंदवली. पेरले काय, विकले काय, उसने कोणाकडून आणले, कामाला कोण कुठे गेले. या नोंदींवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. एखाद्या घराचे पीक गेले तरी त्या घराचे खाणे-पिणे तितके घसरत नाही. उसनवारी, भावकी, सोयरे यांतून गाव ते बरेचसे सावरून घेते. मात्र अभ्यासातल्या एका गावात भूमिहीनांना हे सावरणे कमी मिळत होते. याला जोडून एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एकाच घरावर आलेले संकट गाव पेलते. अख्ख्या मंडळावर एका रात्रीत पाऊस कोसळला किंवा पावसाने दीड महिना ओढ दिली, तर उसने देणाराच रिकामा होतो. हवामान बदलात अशीच, सगळ्यांना एकदम गाठणारी संकटे वाढत आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. म्हणजे गावाची जुनी वीण जिथे उसवते नेमक्या तिथेच सरकार लागते.

महाराष्ट्राने एकदा ते करून दाखवले आहे. 1972चा दुष्काळ आठवणारी पिढी मिलोची लालसर भाकरी, दुष्काळी कामावरची सुकडी आणि खडी फोडतानाच्या हाताच्या फोडांबद्दल अजून सांगते. धान्याचे उत्पादन कोसळले होते, तरी माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. 1973च्या मे महिन्यात जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामे आणि हातात रोजी. अमर्त्य सेन यांनी 1981 साली मांडले की दुष्काळात माणूस मरतो तो धान्य नसल्याने असे नेहमीच नसते, धान्यावर त्याचा हक्क पोचत नाही म्हणून तो मरतो. महाराष्ट्राने त्याआधीच त्या हक्काची एक वाट उघडली होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात साठच्या दशकात करून पाहिलेल्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो अमलात आला. मला त्यातली सर्वात मोलाची वाटणारी तरतूद पैशाची आहे. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला गेला आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारने घेतली. मजुराने काम मागायचे, आणि ते देता आले नाही तर भत्ता द्यायचा.

त्यानंतरची वाट उताराची आहे. 1990 साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. त्यातून कोरडवाहू शेतकऱ्याला डाळिंब-आंबा मिळाला हे चांगलेच झाले, पण हमीचा निधी ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या मालमत्तेकडे वळायला तिथून सुरुवात झाली. पुढे शेततळी, विहिरी, शेडनेट, ठिबक यांची अनुदाने वाढत गेली. आता संकट आले की हमी चालू होत नाही, पॅकेज जाहीर होते. ते किती, केव्हा आणि कोणाला हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते. अर्ध्या वाट्याने शेत कसणारा बटईदार, ठोक्याने घेणारा आणि नुसती मजुरी करणारी बाई यांची नावे त्या पंचनाम्यात सहसा येतच नाहीत, कारण पंचनामा सातबाऱ्याला चिकटलेला असतो. काढणी बुडाली म्हणजे मजुराचे दिवाळीआधीचे सगळे काम बुडते. त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

आता ताटाकडे पाहू. 1960-61 साली महाराष्ट्रात ज्वारी सुमारे 63 लाख हेक्टरांवर होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आली आहे आणि खरिपाची ज्वारी तर मराठवाड्यातून जवळजवळ उठलीच. तिच्या जागी सोयाबीन आले. याला केवळ शेतकऱ्याची हाव म्हणणे अन्यायाचे आहे. ज्वारीला राखण लागते, काढणीला माणसे मिळत नाहीत, सरकारी खरेदीचा भरवसा नाही. उलट सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते आणि दिवाळीच्या आत पैसा देते. पण ज्वारीचे एक ताट माणसाला भाकरी देत होते आणि कडब्याच्या रूपाने जनावराला वैरण देत होते. सोयाबीनमधून घरातल्या ताटात थेट काही येत नाही, आणि त्याची काढणी नेमकी परतीच्या पावसात सापडते. कोरडवाहू घराची जोखीम दुहेरी झाली ती इथे.

या बदलात रेशनचाही हात आहे. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, महाराष्ट्रात सुमारे 7 कोटी लोकांना. जानेवारी 2023पासून ते धान्य फुकट आहे. करोनाच्या काळात हे रेशन नसते तर काय झाले असते याचा विचारही नको वाटतो. कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे, पण व्यवहारात पोत्यातून आला तो मुख्यतः दुसऱ्या राज्यांत पिकलेला गहू आणि तांदूळ. 2023 हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. त्या वर्षाने शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आणली, पण सोलापूरची ज्वारी सोलापूरच्याच रेशन दुकानात नेमाने मिळावी अशी घडी काही बसली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले खुरटलेली आणि 25.6 टक्के लुकडी आढळली. कॅलरी पोचली म्हणजे अन्न पोचले असे नाही, हे त्या आकड्यांतून कळते.

भावाच्या बाबतीत धोरणाचे तोंड शहरी ग्राहकाकडे आहे, हे शरद जोशींनी चाळीस वर्षांपूर्वी ठासून सांगितले होते आणि त्यातला गाभा अजून खरा आहे. 2023च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले, 8 डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 रोजी उठली, शुल्क मात्र पूर्णपणे गेले ते 1 एप्रिल 2025 रोजी. चाळीत कांदा रोज वजन सोडत असतो. लासलगावच्या शेतकऱ्याला पावसाचा अंदाज बांधता येतो, अधिसूचनेचा बांधता येत नाही.

सोयाबीनचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. 2024-25साठी हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या कितीतरी खाली होता. खरेदी केंद्रावर अट ओलाव्याची, 12 टक्क्यांच्या आत. पावसात भिजलेले सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी केंद्रावर उभा राहतो, मूठभर दाणे मापकात टाकले जातात, आकडा 14 येतो आणि माल परत. मग ताडपत्रीवर दोन दिवस वाळवायचे, त्यात पुन्हा आभाळ येते. ट्रॅक्टरचे भाडे दोनदा. शेवटी तो आडतीवर जातो. तिथे ओलाव्याची आणि डागी मालाची कटती लावून का होईना, पैसे हातात पडतात. मोठ्या ओरडीनंतर, निवडणुकीच्या तोंडावर, त्या नोव्हेंबरात ही मर्यादा 15 टक्के केली गेली. हमीभावावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत. पण हमीभाव खरा ठरतो तो त्या मापकापाशी, आणि अशा जागांवर संशोधकांनी फार कमी वेळ घालवला आहे. पाऊस लांबला तर ओलाव्याची अट आपोआप सैल व्हावी, इतकी साधी गोष्ट नियमात नसते. हवामानाचा नियमावलीत शिरकावच झालेला नाही.

विम्याचेही तेच. 2016च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजना आली, 2023मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला, त्यात बोगस अर्जांचे पेव फुटले आणि 2025च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान ही भरपाईची कलमेही गेली. राहिली ती फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारलेली भरपाई. आणि त्याच सप्टेंबरात तो पाऊस आला. उंबरठा उत्पन्न गेल्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांच्या सरासरीवरून काढतात आणि जोखीमस्तर 70 टक्के धरतात. वाईट वर्षे दाटीने येऊ लागली तर ‘चांगल्या’ पाचांतही पडकी वर्षे शिरतात आणि उंबरठाच खाली सरकतो. ज्या मंडळाला हवामानाने जास्त छळले, त्याला भरपाई मिळणे अधिक अवघड, असा हा हिशेब आहे.

पाण्याच्या प्रश्नावर इतके लिहिले गेले आहे की मी एवढेच म्हणेन: माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1999 सालीच तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितले होते. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हाही मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभेच होते. यात शेतकऱ्याला दोष देण्याआधी कारभाराची रचना पाहावी. ऊस हे असे पीक आहे ज्याला कायद्याने ठरलेला किमान भाव आहे, ठरलेला गिऱ्हाईक आहे आणि 14 दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. तो नियम पाळला जातोच असे नाही, पण ज्वारी-तुरीच्या वाट्याला कागदावरही एवढे आले नाही. हमी जिथे आहे तिथे पीक जाते. जोखीम घेणारा माणूस दुसरे काय करील?

आणि त्या उसाच्या फडात जो जातो तो बीड-धाराशिवच्या कोरडवाहू शिवारातूनच येतो. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मार्चपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. 2019 साली सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हवामानाच्या कोणत्याही निर्देशांकात हा आकडा बसत नाही. ‘क्रीडा’सारखी (केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था) संस्था जिल्हानिहाय असुरक्षिततेचे नकाशे काढते, त्यांचा नियोजनाला उपयोगही होतो. पण जिल्ह्याच्या सरासरीत बागायतदार आणि कोयता एकाच रंगात रंगतात. स्थलांतरात रेशनचे धान्य आता दुसरीकडेही उचलता येते. अंगणवाडी मात्र गावातच राहते आणि लेकरू फडावर.

हवामानाच्या नावाने आलेल्या योजनांचाही लेखाजोखा व्हायला हवा. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने 15 जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत काम केले. ठिबक, मृदसंधारण, शेतकरी गट यांचा लाभ अनेकांना झाला. पण प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांचे काय होते, हे ईश्वर काळे यांनी 2017च्या त्यांच्या लेखात दाखवले आहे. पावसाचे पाणी धरण्यासाठी म्हणून अनुदान मिळते आणि तळे भरले जाते विहीर-बोअरचे पाणी उपसून. ज्याच्याकडे ताकदीचा पंप आहे तो जमिनीखालचे सामाईक पाणी आपल्या खासगी तळ्यात आणून ठेवतो. शेजाऱ्याच्या आडाला फेब्रुवारीतच तळ लागतो. एकाची तगून राहण्याची सोय म्हणजे दुसऱ्याची वाढलेली जोखीम, हे प्रकल्पाच्या अहवालात दिसत नाही, कारण तिथे लाभार्थी मोजतात, शेजारी मोजत नाहीत.

दुसऱ्या रीतीने कारभार करता येतो याचे दाखले मराठवाड्यात आणि त्याच्या सीमेलगत आहेत. तेलंगणात झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित महिलांच्या संघमांनी नव्वदच्या दशकात पडीक जमिनी वहिताखाली आणल्या, त्यांवर ज्वारी पिकवली, ती गावातच साठवली आणि कोणत्या घराला किती द्यायची हे गावातल्या बायांनी बसून ठरवले. पीक, साठा आणि वाटप एकाच वेशीच्या आत. किल्लारीच्या 1993च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये रुजलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाने बायकांना घरच्या जमिनीतली एकेक एकर मागून घ्यायला शिकवले. तिथे काय पेरायचे ते बाई ठरवते. आधी घरापुरते धान्य, डाळ, भाजी, मग विक्री. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला पुरस्काराहून महत्त्वाचे वाटते ते हे की निर्णय आणि जोखीम तिथे एकाच माणसाच्या हाती आल्या. या प्रयोगांच्या मर्यादाही आहेत. बाईच्या नावावर सातबारा नसेल तर विमा नाही, पंचनामा नाही, पीककर्ज नाही, आणि एका संस्थेच्या बळावर झालेले काम जिल्हाभर कसे न्यायचे याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

आता प्रबंध लिहिणाऱ्यांबद्दल. परभणी-राहुरीत पिकाचा अभ्यास होतो, अर्थशास्त्र विभागांत भावाचा, तुळजापूरच्या टाटा संस्थेत समाजाचा, पुण्यात पावसाचा. प्रत्येक काम आपल्या जागी पक्के असते. कमी आहे ती एका घराला धरून या सगळ्या खात्यांतून चालत जाणाऱ्या अभ्यासाची. पीएच.डी.ला चार-पाच वर्षे मिळतात. मराठवाड्यात तेवढ्या काळात एक पडके आणि एक बरे वर्ष सापडेलच. परंड्यातले किंवा आष्टीतले एक महसूल मंडळ घ्यावे, त्यात जमीनवाली, बटईदार, ऊसतोड आणि एकट्या बाईची अशी घरे निवडावीत, आणि प्रत्येक घराची वही इक्रिसॅटच्या धर्तीवर महिन्यामहिन्याला लिहावी, घर फडावर गेले तर फडापर्यंत जाऊन. त्या वहीत पीक आणि पैशाबरोबर कारभारही नोंदवावा. कोणत्या कार्यालयात किती चकरा झाल्या, कोणता अर्ज कशावरून फेटाळला, पैसे आले तेव्हा बी-बियाण्याची वेळ टळून गेली होती का.

यातली बरीच माहिती सरकारकडे आजच आहे. 2021पासून ई-पीक पाहणीत कोणत्या गटात काय पेरले ते नोंदते, रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रात कोणत्या कुटुंबाने धान्य कधी उचलले ते, विमा पोर्टलवर अर्ज आणि भरपाई, तहसिलात पंचनाम्यांच्या याद्या, हमीच्या कामांचे हजेरीपट. या पाच नोंदी घरागणिक जोडून पाहिल्या तर अतिवृष्टीनंतर कोण निसटले ते नावानिशी नाही तरी संख्येने कळेल, आणि सातबारा नसलेल्यांची वेगळी यादी करता येईल. विद्यापीठांनी ओळख लपवून अशी जोडणी करण्याची परवानगी राज्याकडे एकत्र मागावी, कारण एकेका विद्यार्थ्याने माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन पाच कार्यालयांत फिरण्यात त्याच्या प्रबंधाचे निम्मे आयुष्य संपते.